संदर्भसूचीतले कैलासवासी

आमच्या घरात एका सॉफ्टवेअरला हात लावायची मला बंदी आहे. बाकी सगळ्याला परवानगी आहे. मिक्सर, इस्त्री, इतकंच काय, हिच्या कपाटाची किल्ली कुठे असते तेसुद्धा मला माहीत आहे. पण संगणकावरच्या त्या निळ्या चौकोनाकडे मी बाण नेला रे नेला, की आतून आवाज येतो, "अहो, काय करताय?" आतल्या खोलीत बसून हिला हे कसं कळतं, यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. मी करणार नाही. संशोधनाचा आणि माझा संबंध संपलेला आहे.

संबंध आला तो असा. आमची ही कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि डोक्यावरचे केस निम्मे पांढरे झाल्यावर तिने पीएचडी करायला घेतली. विषय काय, तर रांग. माणसं रांगेत कशी उभी राहतात, का उभी राहतात, मध्येच कोण घुसतो आणि त्याला कोण बोलतं. विषय ऐकून मी हसलो होतो, त्याची आठवण मला अजूनही करून दिली जाते. पण बाई पेटली. भाजीच्या दुकानात पुढे दोन माणसं दिसली तर परत येणारी ही, दिसेल त्या रांगेत उभी राहायला लागली. एकदा मी शोधत गेलो तर सिनेमाच्या तिकिटाच्या रांगेत. म्हटलं, "कोणता बघतेयस?" तर म्हणाली, "कोणताच नाही. उभी आहे." पुढची माणसं माझ्याकडे दयेने बघत होती.

अशी बरीच वर्षं गेली. मुदत संपली, मुदतवाढ संपली, मुदतवाढीची मुदतवाढही संपत आली. या खेपेला प्रबंध गेला नाही, किंवा गेला आणि परत आला, तर नोंदणी रद्द होऊन सगळं पहिल्यापासून करायचं होतं. एकदा भांडी आवरता आवरता ही म्हणाली, "पहिल्यापासून नाही हो जमायचं मला. आता नाही." हिच्या तोंडून 'जमायचं नाही' हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. मला कसंसंच झालं. त्याच दिवशी मी मनाशी ठरवलं की आपण मदत करायची. हिच्या दृष्टीने घात झाला तो तिथे.

प्रबंध लिहून झाला होता. राहिली होती ती संदर्भसूची, म्हणजे जी जी पुस्तकं आणि लेख वाचले त्यांची शेवटी द्यायची यादी. लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, सगळं ठरल्या पद्धतीने. हिचे संदर्भ बुटांच्या खोक्यांत होते. लाँड्रीच्या पावतीमागे एक, कॅलेंडरच्या पानावर दुसरा, औषधाच्या वेष्टनावर तिसरा. "माझं मला सापडतं," असं ती म्हणायची आणि मग दुपारभर शोधत बसायची. मी आयुष्यभर सरकारी कार्यालयात आवक-जावक विभाग सांभाळला आहे. माझ्या टेबलावरचा कागद हरवला असं म्हणायची साहेबांचीही छाती नव्हती. मला ती खोकी बघवेनात.

तेवढ्यात आमची कन्या चार दिवस राहायला आली आणि तिने ते सॉफ्टवेअर टाकून दिलं. म्हणाली, "आई, यात एकेक संदर्भ भरायचा. नावाचा रकाना, पुस्तकाचा रकाना. एक बटण दाबलं की आख्खी सूची आपोआप तयार. क्रम, स्वल्पविराम, सगळं तेच बघतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही फक्त टाइप करा. डोकं लावू नका."

ज्याने जन्मभर डोकं लावलं त्याला पोटच्या पोरीने असं सांगावं! मी जरा बाणेदारपणे चष्मा पुसला.

पण काम मी मन लावून केलं. खोक्यातून कागद काढायचा, भरायचा, कागदावर बरोबरची खूण करायची. ही कॉलेजात गेली की मी बसायचो ते ती येईपर्यंत. आणि खरं सांगतो, मजा यायला लागली. विखुरलेली माणसं एकापाठोपाठ एक शहाण्यासारखी उभी राहताना बघून मला माझं जुनं टेबल परत मिळाल्यासारखं वाटलं. हिने सूची नजरेखालून घातली, दोन सालं दुरुस्त केली आणि म्हणाली, "छान झालंय हो." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं तोंडावर कौतुक मोजकंच झालेलं आहे. त्या संध्याकाळी मी स्वतःहून चहा केला.

इथेच थांबलो असतो तर ही कथा घडली नसती. पण आमच्या समोरच्या दारात प्रूफकाका राहतात.

प्रूफकाका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते. त्यातही मृत्युवार्तांचं पान त्यांच्याकडे. "माझ्या हाताखालून गेल्याशिवाय या शहरात कोणी जात नव्हतं," असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. जिन्यातल्या सूचनेपासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं ते लाल पेन हातात धरूनच वाचतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनी तर त्यांना चिठ्ठी पाठवायलाही घाबरतात, तोंडीच निरोप देतात.

ही परीक्षेच्या कामासाठी दिवसभर कॉलेजात होती आणि दुसऱ्या दिवशी मी प्रबंध छापायला नेणार होतो, तेव्हा काका डोकावले. पडद्यावरची सूची त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे काय हो? एवढी मोठमोठी माणसं, आणि नुसती आडनावं? हजेरीपटात पोरांची लिहितात तशी?"

मी म्हटलं, "पद्धत आहे तशी. सॉफ्टवेअर..."

"सॉफ्टवेअरला काय कळतंय! त्याला वडीलधारी माणसं आहेत का कोणी? हे बघा, हे गृहस्थ तर विद्यापीठाचे कुलगुरू होते. आणि ह्या बाई. या वयाच्या बाईंना तुम्ही समोर अशी हाक माराल?"

मी मारली नसती. मुद्दा बिनतोड होता.

"आणि हे 'आणि इतर' म्हणजे कोण? एकाचं नाव घालायचं आणि बाकीच्यांना 'इतर' म्हणायचं? त्यांच्या घरच्यांना काय वाटेल?"

हेही मला पटलं. कार्यालयात माझं नाव कायम 'व इतर कर्मचारी' या शब्दांत यायचं. ती बोच फार जुनी आहे. मी सगळ्या 'इतरां'ना नावानिशी आत घेतलं. मग नावाच्या रकान्यात मानाची संबोधनं भरायला सुरुवात झाली. काका सांगत होते, मी टाइप करत होतो. डॉ., प्रा., श्री., श्रीमती. ज्यांचं काहीच ठाऊक नव्हतं त्यांना श्री. लावून मोकळे झालो. परदेशी लेखकांनाही श्री. लावलं, दुजाभाव नको म्हणून. त्या भरात एका सांख्यिकी मंडळालाही श्री. लागलं, ते मला नंतर कळलं.

"आणि गेलेल्यांचं काय?" काकांनी विचारलं.

"त्यांना कै. लावायला हवं," मी म्हणालो. हे मात्र मी आपणहून म्हणालो, खोटं कशाला सांगू.

काकांचा चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत. ते एकेका नावावर बोट ठेवत गेले. "हे गेले. हे गेले. या आहेत, पण खूप थकल्यात. हे गेलेच की, चौकट केली होती मी." मध्येच एका आडनावावर बोट थांबलं. "हे तर नक्कीच. हे आडनाव मी स्वतः तपासलंय, मला आठवतंय. विद्वान घर."

त्या आडनावाच्या बऱ्याच नोंदी होत्या. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे, एका नावात बदल केला की त्या आडनावाच्या सगळ्या नोंदींत तो आपोआप होतो. मी बटण दाबलं. सगळ्यांना एकदम कै. लागलं. इतकी सोयीची गोष्ट आमच्या कार्यालयात कधी आली नव्हती.

शेवटी सूची तयार करायचं बटण दाबलं आणि नवीन सूची आली. आता नावाच्या सुरुवातीलाच संबोधन असल्यामुळे सॉफ्टवेअरने त्याप्रमाणेच क्रम लावला होता. आधी सगळे कै., मग डॉ., मग प्रा., आणि शेवटी श्री. आणि श्रीमती. गेलेले सगळे पुढे, हयात असलेले मागे. काका म्हणाले, "वा! ज्येष्ठतेनुसार लागलं की आपोआप."

मजकुराच्या आतले संदर्भ हिने हातानेच घातले होते, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही. मी प्रबंध छापून घेतला, काळ्या कापडात बांधून घेतला, सोनेरी अक्षरं टाकून घेतली आणि हिला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून आणून तिच्या पुढ्यात ठेवला. ही परीक्षेच्या कामाने इतकी दमली होती की तिने फक्त हात फिरवला. म्हणाली, "आता मी हे उघडून बघणार नाही. बघितलं की चूक सापडेल." जिथे सह्या हव्या होत्या तिथे तिने सह्या केल्या.

तिच्या मार्गदर्शक बाई म्हणजे तिचीच जुनी विद्यार्थिनी. दोघी एकमेकींना 'मॅडम' म्हणतात, आणि बोलणं सुरू असताना कोण कोणाला मार्गदर्शन करतंय ते मला कधीच कळलेलं नाही. त्यांनी सूचीचं पान वरवर बघून विचारलं, "सॉफ्टवेअरने केलीय ना मॅडम?" ही "हो मॅडम," म्हणाली. "मग प्रश्नच नाही," म्हणून त्यांनी सही ठोकली.

विद्यापीठात प्रबंध स्वीकारायच्या खिडकीत एक बाई बसतात. त्यांनी मात्र सूची तपासली. पट्टी घेऊन, ओळ न् ओळ. "क, क, क, क... ड, ड... प... श. क्रम एकदम बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नाहीतर हल्ली लोक काहीही आणतात. कोणी केली ही?" मी मान जराशी लववली. ही माझ्याकडे बघून हसली. तो दिवस फार चांगला गेला.

मग बरेच दिवस काही नाही. प्रबंध परीक्षकांकडे गेला होता, आमची एक प्रत कपाटावर होती, आणि ही चक्क दुपारी झोपायला लागली होती. अशाच एका दुपारी मार्गदर्शक बाईंचा फोन आला. तोंडी परीक्षेची तारीख ठरली होती. आणि परीक्षक म्हणून कोण येणार होते, ते ऐकून ही खुर्चीतच बसली.

"अहो, सर येतायत! स्वतः सर!"

हे सर म्हणजे रांग आणि गर्दी या विषयातला शेवटचा शब्द. हिच्या प्रबंधात पानापानावर त्यांचा आधार. मला म्हणाली, "ती प्रत काढा बघू. सरांची किती पुस्तकं आपण घेतलीत ते बघते. विचारलं तर सांगता यायला हवं."

मी प्रत काढून दिली आणि काहीतरी कामासाठी गॅलरीत गेलो. आतून काहीच आवाज येईना. हिचा आवाज आला तर मला भीती वाटत नाही, आला नाही तर वाटते. मी आत आलो. ही सूचीच्या पहिल्याच पानावर बोट ठेवून बसली होती.

"सर वारले?" तिने विचारलं.

"कोण सर?"

"आत्ता ज्यांच्याबद्दल फोन आला, येतायत म्हणून, ते."

पुढचं सांगण्यात काही अर्थ नाही. ही ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पानं उलटत राहिली. कै., कै., कै. सरांची सगळीच्या सगळी पुस्तकं कैलासात. मग श्री. सांख्यिकी मंडळापाशी आली, तिथे थांबली आणि पुस्तक मिटलं. "ते हे बघणार," ती म्हणाली. "बघितलेलं असणार एव्हाना. आणि परत पाठवणार. का पाठवू नये?" मग डोळ्याला पदर लावला. मला माझी लाज वाटली. ती खोकी होती तशी राहिली असती तरी चाललं असतं, असं मला मनापासून वाटलं.

प्रूफकाकांना हाक मारली. त्यांनी पान पाहिलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. "आडनाव तर तेच," ते पुटपुटत राहिले. "आडनाव तर मी तपासलंय." त्यांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत एकही जिवंत माणूस त्यांनी त्या पानावर जाऊ दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच विद्यापीठात गेलो. मी घडवलं, मीच निस्तरणार. खिडकीतल्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे हे गेलेले नाहीत."

"नाहीत."

"पण तुम्ही तर गेले म्हणून लिहून दिलंय. सहीनिशी."

"चूक झाली. तेवढे दोन-चार शब्द खोडून..."

"दाखल झालेल्या प्रबंधात खोडाखोड करता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज द्या. सोबत पुरावा जोडा."

"कसला पुरावा?"

"ते हयात असल्याचा. दाखला लागेल."

मी म्हटलं, "बाई, ते पुढच्या आठवड्यात स्वतः इथे येणार आहेत. तुमच्याच विद्यापीठाने बोलावलंय त्यांना. तुम्हीच पत्र पाठवलंत."

"पत्र पाठवलं म्हणजे ते हयात आहेत असं होत नाही," त्या समजुतीने म्हणाल्या. "पत्रं आम्ही सगळ्यांना पाठवतो. ते आले, त्यांनी हजेरीच्या कागदावर सही केली, की तो पुरावा चालेल. त्याआधी नाही."

मी आवक-जावकचा माणूस. दुसरा कोणी असता तर चिडला असता. मला मनातल्या मनात त्यांचं म्हणणं कळत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी खोलीत मार्गदर्शक बाई, विभागातले दोन-तीन प्राध्यापक, आणि शेवटच्या बाकावर मी आणि प्रूफकाका. काकांना नको म्हटलं होतं. "मला माफी मागायचीय," एवढंच ते म्हणाले आणि इस्त्रीचा सदरा घालून आले. पुढे ही, हातातला रुमाल पिळत. सर आत आले. काठी टेकत, पण ताठ. काका उभे राहिले ते बसेनात. मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं.

सरांनी खूप विचारलं. हिने सगळ्याची उत्तरं दिली. पहिली दोन अडखळत, पण मग मला ऐकायला छान वाटायला लागलं. शेवटी ते शेवटच्या प्रकरणावर आले. ते जागा धरण्यावर आहे. रांगेतला माणूस रुमाल किंवा पिशवी ठेवून जरा जाऊन येतो, आणि रांग त्याची जागा सोडत नाही.

"मला हे सांगा," सर म्हणाले, "रांग एका रुमालाला का मानते?"

ही म्हणाली, "रुमालाला नाही मानत, सर. मी जिथे जिथे उभी राहिले तिथे हेच बघितलं. मागचा माणूस सांगतो, 'आहेत ते, येतायत.' त्याच्या शब्दाला मानतात. तो नसेल तर रुमाल उचलून बाजूला टाकतात."

सरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. मग त्यांनी प्रबंध मागच्या बाजूने उघडला.

"आता ही संदर्भसूची. हिच्यात मी गेलोय."

मार्गदर्शक बाईंनी झटकन पान उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ही उभी राहिली. "चूक माझी आहे, सर. प्रबंध माझा आहे, सही माझी आहे. मी छापलेली प्रत बघितली नाही."

हे मात्र मला सहन होईना. मी शेवटच्या बाकावरून उठलो. "सर, तिचा काही संबंध नाही. मी तिचा नवरा. सूची मी बिघडवली. तिने तपासली तेव्हा बरोबर होती."

"त्यांनी नाही, मी!" काका उठले. "मी सांगितलं, त्यांनी टाइप केलं. गेलेत असं मी सांगितलं."

"मी सूची नीट न बघता सही केली," मार्गदर्शक बाईही बसल्या जागेवरून म्हणाल्या.

सरांनी एकेकाकडे पाहिलं. "सावकाश," ते म्हणाले. "रांगेने या."

कोणीतरी हसलं. मग त्यांनी काकांना जवळ बोलावलं. काका हात जोडून म्हणाले, "मी मृत्युवार्ता तपासायचो, सर. तुमचं आडनाव माझ्या हाताखालून गेलेलं पक्कं आठवत होतं. इथे नुसतं आद्याक्षर होतं. ते मी बघितलं नाही."

"बरोबर आठवतंय तुम्हाला," सर म्हणाले. "ती माझ्या पत्नीची बातमी होती. तिचीही पुस्तकं आहेत या यादीत." मग काकांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही तपासली होतीत होय ती? एकसुद्धा चूक नव्हती तिच्यात. पुस्तकांची नावं, सालं, सगळं बरोबर. मी किती वेळा वाचली ती. त्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट नीट झाली होती."

काकांना रडू आवरेना. मीही चष्मा काढला.

सरांनी सूचीतल्या त्या ओळींवर बोट फिरवलं. "इथे बघा. ती आहे, आणि तिच्यामागे लगेच मी. तिने जागा धरून ठेवलीय." ते हसले. "मला जरा उशीर होतोय एवढंच. पण आता तुम्ही हे दुरुस्त करणार. म्हणजे ती राहणार कै.मध्ये आणि मला उचलून तिकडे मागे, डॉ.च्या रांगेत टाकणार. नाही का?"

"नाही, सर," ही म्हणाली. तिचा आवाज आता अगदी स्वच्छ होता. "सूचीत संबोधनं लावतच नाहीत. ती सगळी काढली की नुसतं आडनाव आणि आद्याक्षर राहतं. मग गेलेले वेगळे आणि असलेले वेगळे असं काही उरत नाही. बाईंचं आद्याक्षर तुमच्या आधी येतं. आधी बाई, त्यांच्यामागे तुम्हीच."

सर तिच्याकडे बघत राहिले. "आधी बाई," ते म्हणाले. "असंच असायचं आमच्याकडे." मग पेन काढून अहवालात लिहिलं आणि वाचून दाखवलं. "पदवी देण्यात यावी. संदर्भसूचीतली सर्व संबोधनं काढावीत. परीक्षक हयात आहेत." खाली सही केली, तारीख घातली. त्याची एक प्रत मी खिडकीतल्या बाईंना नेऊन दिली. त्यांनी सही उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "हां, आता कसं."

संबोधनं मी एकेक करून हाताने काढली. शिक्षाच होती ती. बटण दाबून एकदम काढता आली असती, पण ही म्हणाली, "बटण नको." ती शेजारी बसून बघत होती. काका दारात उभे होते. प्रत्येक डॉ. जाताना त्यांचा जीव तुटत होता. सरांच्या नावापाशी आलो तेव्हा काका म्हणाले, "ते मी काढतो." आत येऊन त्यांनी एका बोटाने ते कै. पुसलं आणि आद्याक्षर दोनदा वाचलं.

दुरुस्त प्रती द्यायला आम्ही दोघं गेलो, तर त्या खिडकीपुढे भलीमोठी रांग. नंबर जवळ आला आणि हिच्या लक्षात आलं की एका कागदाची झेरॉक्स राहिली. "आलेच," म्हणाली आणि प्रती माझ्या हातात देऊन पळाली. तिच्या जागी मी माझा रुमाल ठेवला आणि त्याच्या मागे उभा राहिलो.

माझ्या मागचा माणूस वैतागला. "अहो काका, पुढे सरका की. तिथे कोण आहे?"

संबोधनाच्या बाबतीत मी शहाणा झालेलो आहे. सूचीत ते चालत नाही. पण ही काही सूची नव्हती.

"डॉक्टर आहेत," मी म्हणालो. "येतायत."